चौथी सीट

आमच्या धर्मग्रामात घड्याळे दोन आहेत. एक देवळाच्या मनोऱ्यावरचे आणि दुसरे रेल्वेचे. पहिले घड्याळ तास दाखवते, दुसरे मिनिटे. आमच्या माणसांच्या तोंडी 'आठ वाजता' असे शब्द क्वचितच येतात. ते 'सात बावन्न' म्हणतात, 'आठ चौदा' म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे घड्याळाचे काटे नसतात, फलाटावर येऊन थांबणारी गाडी असते. संध्याकाळी सात वाजता बोलावलेल्या बैठकीला निम्मी बाके रिकामी का, असे आम्ही विचारले, तर उत्तर ठरलेले असे : "फादर, ते अजून गाडीत आहेत."

वाचकहो, खरे सांगायचे तर या गाडीचा आम्ही पुष्कळ वर्षे मनोमन राग केला. वसईच्या वाड्या-बागांतून पहाटे माणसे उचलून न्यायची आणि रात्री ती पिळून काढलेल्या कपड्यासारखी परत आणून सोडायची, एवढेच तिचे काम, अशी आमची समजूत होती. घरातील सायंप्रार्थना मोडली ती गाडीने, मुलांना बाप दिसेनासा झाला तो गाडीमुळे, असे आम्ही प्रवचनातूनही सांगितले आहे. एका उपवासकाळात तर आम्ही जरा पुढेच गेलो. रविवारच्या मिस्साला पुरुषमंडळींचा एक घोळका देवळाच्या दारातच उभा राहत असे. आत बाके रिकामी असली तरी ही मंडळी दार सोडीत नसत. एके रविवारी आम्ही वेदीवरून म्हणालो, "गाडीत दारात उभे राहण्याची तुम्हांला सवय जडली आहे. पण देवळाला पुढचे स्टेशन नाही. आत या!" सगळे देऊळ हसले. आम्हांलाही आपल्या विनोदाचे बरे वाटले. दारातल्या घोळक्यात पिकल्या केसांचे एक गृहस्थ होते. तेही हसले, दोन पावले आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्याविषयी पुढे लिहायचे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्यावर मुंबईतील एका अनुवादाच्या कामाची जबाबदारी आली. आठवड्यातून चार दिवस सकाळी चर्चगेट गाठायचे आणि संध्याकाळी मिस्सासाठी किंवा निदान रात्रीच्या जेवणासाठी परत यायचे, असा क्रम दीड वर्ष चालला. गाडी आम्हांला नवी नव्हती. गोरेगावच्या सेमिनरीत शिकत असताना सुट्टीला घरी येण्याजाण्यासाठी तीच होती. पण तो पाहुण्याचा प्रवास. दुपारच्या रिकाम्या डब्यात खिडकीशी बसून केलेला. आता पास काढून, गर्दीच्या वेळी, रोजचे प्रवासी म्हणून जायचे होते.

पहिल्या दिवशी तीन गाड्या आम्ही नुसत्या पाहिल्या. विरारहून गाडी येते तीच भरून. ती थांबण्यापूर्वी फलाटावरची माणसे हलू लागतात आणि सुटण्यापूर्वी सारे संपलेले असते. चौथ्या गाडीत आम्ही चढलो, असे म्हणणे खोटे ठरेल. आम्हांला मागच्यांनी चढवले. आत गेल्यावर कळले की आपली पिशवी एका ठिकाणी आहे, चष्मा दुसऱ्याच ठिकाणी सरकला आहे आणि एक पाय अद्याप जमिनीच्या शोधात आहे. "काका, पिशवी पुढे घ्या," मागून कोणीतरी म्हणाले. त्या सूचनेत रागाचा लवलेश नव्हता. नव्या विद्यार्थ्याला पाटी कोठे ठेवायची हे सांगावे, तसा तो स्वर होता.

हळूहळू आम्ही शिकलो. कोणत्या स्थानकावर फलाट कोणत्या बाजूला येतो, उतरायचे असेल तर किती स्थानके आधी दाराकडे सरकायला लागायचे, बोरिवलीला उतरणाऱ्याने विरारच्या फास्ट गाडीत चढण्याचे धाडस का करू नये, हे सारे कोणत्याही पुस्तकात नाही. उन्हाळ्यात डोक्यावरचा पंखा अडून बसला, तर कोणीतरी खिशातून कंगवा काढतो, जाळीतून आत घालून पात्याला अलगद एक धक्का देतो, आणि पंखा फिरू लागतो. केसांना कंगवा लागण्याचे वय गेलेली माणसेही तो खिशात बाळगतात, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

या शाळेतील सर्वांत सुंदर धडा मात्र एका शब्दाचा आहे. "कुठे?" उभा असलेला माणूस बसलेल्याला एवढेच विचारतो. बसलेला म्हणतो, "अंधेरी," किंवा "दादर." झाले. ती जागा त्या क्षणापासून विचारणाऱ्याची. मध्ये आणखी दहा जण येऊन उभे राहिले तरी अंधेरी आल्यावर बसलेला गृहस्थ उठताना त्यालाच खूण करतो. विवाहाची नोंद करताना आम्ही दोन साक्षीदार आणतो, सह्या घेतो, शिक्का मारतो. येथे ना सही, ना साक्षीदार. पण दीड वर्षात हा शब्द मोडलेला आम्ही फार थोड्या वेळा पाहिला.

आणि मग ती चौथी सीट. रेल्वेने बाक केले आहे तिघांसाठी. त्यावर चौथा माणूस बसतो ही सोय प्रवाशांनीच एकमेकांना करून दिली आहे. चौथ्याला पुरते बसता येत नाहीच. एक मांडी बाकावर, दुसरी हवेत, आणि सारा भार खाली टेकलेल्या पायावर. पण त्याला तेवढी टेकण्याची जागा मिळावी म्हणून आतल्या तिघांना अंग चोरावे लागते. "जरा सरका," असे म्हटले की माणसे सरकतात. क्वचित कुरकुरतात, पण सरकतात. आमच्या ध्यानात आले की 'सरका' हा शब्द आम्ही प्रवचनात कधी वापरला नव्हता. 'त्याग', 'समर्पण', 'आत्मार्पण' असे भारदस्त शब्द आम्ही पुष्कळ वापरले. सहा बोटे बाजूला होणे एवढ्या लहान मापात तो त्याग आम्हांला कधी दिसला नव्हता.

आमच्या डब्यात रोजची एक मंडळी होती. त्यांत बँकेत काम करणारे होते, छापखान्यातले होते, कापडाच्या दुकानात हिशेब लिहिणारे होते, एक न्यायालयातले कारकून होते. एकजण ब्रीफकेस आडवी ठेवी, तिच्यावर रुमाल अंथरला जाई आणि पत्त्यांचा डाव सुरू होई. आम्ही साध्या शर्टात असू आणि हातातले मुद्रणाचे कागद पेन्सिलने तपासत असू. त्यामुळे त्यांनी आम्हांला 'मास्तर' ठरवून टाकले. आम्हीही ते नाव नाकारले नाही.

त्यांच्या संगतीत या प्रवासातली सुखे आम्हांला एकेक करून कळू लागली. नायगाव सोडले की गाडी वसईच्या खाडीवर येते. चाकांचा आवाज बदलतो. जमिनीवरचा आवाज भरीव, पुलावरचा पोकळ. दारातून खारा वारा आत शिरतो आणि घामेजलेली मान क्षणभर थंड होते. मध्ये पाणजू बेट, मग पुन्हा पाणी, मग भायंदर. ओहोटी असेल तर चिखलात बगळे एका पायावर उभे असतात. उन्हाळ्यात मिठागरांत मिठाच्या पांढऱ्या राशी दिसतात. पत्ते खेळणाऱ्यांपैकी एकजण तेवढ्यापुरती मान वर करी, बाहेर पाही आणि पुन्हा पत्त्यांत डोके घाली. "रोज काय पाहता?" असे आम्ही त्यांना विचारले. ते म्हणाले, "मास्तर, ऑफिसला खिडकी नाही."

पहाटेच्या गाड्यांना वसईच्या फुलांचा वास असतो. मोगरा, चमेली, लिली यांच्या टोपल्या आणि गाठोडी दादरच्या फुलबाजारात जातात. ती नेणाऱ्यांत आमच्या धर्मग्रामातल्या बायाही आहेत. दिवस उजाडण्यापूर्वी त्या निघतात. ज्या दिवशी आम्ही लवकर निघत असू, त्या दिवशी सामानाच्या डब्यावरून जाताना तो वास येई आणि सबंध फलाट एखाद्या सणाच्या वेदीसारखा वाटे. महिलांच्या डब्यातील गोष्टी आम्हांला ऐकूनच ठाऊक. परतीच्या गाडीत मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, एकीची वेणी दुसरी घालते, आणि एखादीला दिवस गेले असतील तर डब्यातच ओटी भरली जाते. १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली केवळ महिलांसाठी गाडी सुरू झाली आणि १९९३ मध्ये ती विरारपर्यंत येऊ लागली, तेव्हा आमच्याकडील भगिनींना झालेला आनंद वृद्ध मंडळी अद्याप सांगतात.

शेजारच्या डब्यात भजनी मंडळ असे. टाळांचा आवाज अंधेरीपर्यंत साथ देई. दसऱ्याला डब्याला झेंडूच्या माळा लागत आणि पेढा सर्वांना मिळे, मास्तरांनाही. आगमनकाळात आमच्या काही तरुणांनी त्याच गाडीत नाताळची गाणी म्हटली, तेव्हा टाळवाल्यांनी ठेका धरला. बुधवारी संध्याकाळी माहीमला डब्यातून बरीच माणसे उतरत. तेथील सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी निरंतर साहाय्य मातेचा नोव्हेना होतो. उतरणाऱ्यांत सारेच ख्रिस्ती नसत. छापखान्यातले ते हिंदू गृहस्थ मुलीच्या नोकरीसाठी नऊ बुधवार उतरले. दहाव्या बुधवारीही उतरले. "आता का?" असे कोणी विचारले तेव्हा म्हणाले, "मागायला गेलो होतो, सांगायला नको का जायला?"

या मार्गाला इतिहासही मोठा आहे. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरार ते मुंबईतील बॅकबे अशी दिवसाला एक गाडी जाई आणि एक येई. विजेच्या गाड्या बोरिवलीपर्यंत १९२८ साली आणि विरारपर्यंत १९३६ साली धावू लागल्या. जेथे आमचा प्रवास संपे त्या स्थानकाच्या नावात तर चर्चच आहे. मुंबईच्या कोटाचा जो दरवाजा अँग्लिकन पंथीयांच्या सेंट थॉमस कॅथीड्रलकडे जाई, त्याला चर्चगेट म्हणत. १८६० च्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, दरवाजा गेला, नाव मात्र राहिले. रोज लाखो माणसे 'चर्चच्या दारापर्यंत' जाऊन परत येतात, हा विचार मनात येऊन आम्हांला एकट्यालाच हसू येई. दाराविषयीचा आपला जुना विनोद मात्र तेव्हा आठवला नाही.

आता त्या गृहस्थांकडे येऊ.

पहिल्याच आठवड्यात ते आम्हांला डब्यात दिसले. गाडी वसईच्या फलाटाला लागली तेव्हा ते आत खिडकीशी आरामात बसलेले होते. आम्हांला आश्चर्य वाटले, कारण त्यांचे घर आमच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. मग उलगडा झाला. काही प्रवासी वसईहून आधी उलट विरारला जातात, तेथे सुटणाऱ्या गाडीत जागा पकडतात आणि बसून परत येतात. याला येथील भाषेत 'रिटर्न येणे' म्हणतात. वसईच्या फलाटावर उभे राहणाऱ्यांना ही मंडळी फारशी आवडत नाहीत, हे सांगायला नको. आम्हांलाही आवडले नाही. देवळात दारात उभा राहणारा हा मनुष्य येथे मात्र जागा पकडून बसतो, अशी नोंद आम्ही मनात केली. वेदीवरून बोललो ते योग्यच होते, असेही वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या जवळ पोहोचू शकलो आणि पुढचे पाहिले. गाडी थांबताच ते उठले. फलाटावरून दोघांनी हात देऊन एका वयस्क गृहस्थांना वर घेतले. त्यांच्या हातात काठी होती. गर्दीतून त्यांना वाट मिळाली, कोणी 'सरका' म्हणण्याचीही गरज पडली नाही. ते खिडकीशी बसले, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरली आणि डोळे मिटले. आमचे धर्मग्रामस्थ कडी धरून उभे राहिले. चर्चगेटपर्यंत, सुमारे ५२ किलोमीटर, उभेच.

तिसऱ्या दिवशीही हेच. चौथ्या दिवशीही हेच.

पत्ते खेळणाऱ्यांकडून आम्हांला हकीकत कळली. काठीवाले गृहस्थ भिन्न धर्माचे, भिन्न भाषेचे. दोघांची कचेरी एक नाही, घराचा शेजार नाही. ओळख केवळ गाडीची. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा निवृत्तीला चौदा महिने उरले होते. नोकरी सोडावी तर घरात मुलीचे लग्न. उभे राहून प्रवास करणे डॉक्टरांनी बंद केलेले. एक दिवस ही चिंता त्यांनी डब्यात बोलून दाखवली. दुसऱ्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामस्थांनी विरारपासूनचा पास काढला आणि घरून पाऊण तास आधी निघू लागले. पावणेपाचला उठायचे. विरारला जायचे, जागा पकडायची, वसईपर्यंत ती सांभाळायची आणि तेथे उठायचे. स्वतःला बसण्याचे सुख मिळे ते फक्त नालासोपारा आणि वसई या दोन स्थानकांपुरते.

आम्ही त्यांना एकदा विचारले. त्यांनी आम्हांला ओळखून मोठ्याने "फादर!" अशी हाक मारली, आणि आमचे मास्तरपण तेथेच संपले. पत्ते खेळणाऱ्यांनी दचकून रुमाल पत्त्यांवर ओढला. मग एकजण म्हणाला, "फादर, तुमच्या देवाला एवढं सांगा, पावसात गाडी बंद पडू देऊ नको." सगळे हसले, रुमाल बाजूला झाला आणि डाव पुढे चालू राहिला. त्या हसण्यात आमचा प्रश्न बुडाला. पुन्हा विचारला तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "मला काय, फादर, उभ्याची सवय आहे." यापलीकडे त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत.

चौदा महिने संपले. काठीवाल्यांना डब्यात शाल दिली गेली, पेढे वाटले गेले, दोघातिघांचे डोळे ओले झाले. पुढच्या सोमवारी आम्ही वसईच्या फलाटावर उभे होतो, तेव्हा आमचे धर्मग्रामस्थ आमच्या शेजारी येऊन उभे राहिले. पास पुन्हा वसईपासूनचा काढला होता. खिडकी आता त्यांची होऊ शकली असती. रोज विरारला जाण्याची सवयही झाली होती. पण ती जागा त्यांनी स्वतःसाठी कधी धरलीच नव्हती. गाडी आली. आम्ही दोघेही चढवले गेलो.

हे लिहिताना एक गोष्ट नोंदवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. गाडीतील सुखांचे गोडवे गाऊन गर्दीला गोड म्हणण्याचा आमचा हेतू नाही. गाडीतून पडून गेलेल्या तरुणाच्या शवपेटीवर आम्ही तीर्थ शिंपडले आहे. त्याच्या आईपुढे उभे राहून शब्द शोधले आहेत आणि ते सापडले नाहीत. माणसांनी एकमेकांना सांभाळून घेतले म्हणून माणसांना असे कोंबून नेणे न्याय्य ठरत नाही. अधिक गाड्या, अधिक रुळ, सुरक्षित दारे हा त्यांचा हक्क आहे. पहिली वातानुकूलित लोकल २०१७ च्या नाताळच्या दिवशी बोरिवलीहून चर्चगेटला निघाली. तिची दारे आपोआप मिटतात. अशी दारे सर्वांच्या वाट्याला, परवडेल अशा भाड्यात यावीत, अशी आमची प्रार्थना आहे. धावत्या गाडीत चढणाऱ्याला हात देण्याची पाळी कोणावर न आली, तर आम्हांला दुःख होणार नाही.

पण हात देण्याची ती सवय मात्र जाऊ नये. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी याच मार्गावर सात गाड्यांत बाँबस्फोट झाले. रुळांलगतच्या वस्त्यांतील माणसे घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्यांतून जखमींना उचलून नेले. त्यांनी कोणाला नाव विचारले नाही. दुसऱ्या दिवशी गाड्या धावल्या आणि माणसे त्यांत चढली. ज्यांना रोज सरकण्याचा सराव असतो, त्यांना त्या दिवशी धावायला वेगळे शिकावे लागले नाही, असे आम्हांला वाटते. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे लोकल बंद झाल्या. जूनमध्ये त्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या, सर्वसामान्यांना मात्र १ फेब्रुवारी २०२१ पासून आणि तेही ठरावीक वेळांतच प्रवेश मिळाला. त्या काळात आमची माणसे घरी होती, वेळेवर जेवत होती, मुलांसमवेत प्रार्थना करीत होती. आम्ही जे मागितले होते ते सारे मिळाले होते. तरीही एकजण आम्हांला दूरध्वनीवर म्हणाला, "फादर, गाडीतली माणसं आठवतात." तेव्हा आम्हांला ते विचित्र वाटले होते. त्या डब्यात दीड वर्ष उभे राहिल्यावर ते समजले.

परतीच्या प्रवासातील एक दृश्य आम्ही विसरू शकत नाही. रात्रीची गाडी, अंधेरी गेलेली. चौथ्या सीटवरचा तरुण पेंगत पेंगत शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडला. शेजारी अनोळखी. त्याने खांदा काढून घेतला नाही. हातातले वर्तमानपत्र उलटायचे होते, तेही त्याने उलटले नाही. मीरा रोड गेले, भायंदर गेले, खाडीचा वारा आत आला. नायगावनंतर तो तरुण आपोआप जागा झाला, जणू शरीराला स्थानक ठाऊक होते. "सॉरी," तो म्हणाला. शेजाऱ्याने मान हलवली आणि मग पान उलटले.

काम संपले. आमचा पासही संपला. पण एक हिशेब राहिला होता. एका रविवारी मिस्सानंतर आम्ही देवळाच्या दारापाशी गेलो. ते गृहस्थ नेहमीप्रमाणे तेथेच होते. आम्ही म्हणालो, "त्या उपवासकाळात आम्ही दाराविषयी जे बोललो होतो, ते तुम्हांला लागले असेल. आम्हांला क्षमा करा."

ते गोंधळले. आपल्या चपलांकडे पाहत म्हणाले, "नाही हो, फादर. तुमचं बरोबरच होतं." मग थोडे थांबून, शाळकरी मुलाने चूक कबूल करावी तसे हळूच म्हणाले, "खरं सांगू? बाकावर बसलो की मला झोप लागते. आठवडाभराची असते ना. मिस्सात झोपणं बरं दिसत नाही. म्हणून मी उभा राहतो."

आम्हांला काही बोलता आले नाही. त्यांच्या हातात आमचा हात होता, तो त्यांनीच सोडवून घेतला, कारण बाजारातून मासळी न्यायची होती.

आता आमच्या धर्मग्रामातील बैठका रात्री सव्वानऊला भरतात. सूचनाफलकावर वेळेखाली एक ओळ लिहिलेली असते : 'गाडीला उशीर झाल्यास थांबू.' बाके सारी भरतात असे नाही, पण पूर्वीपेक्षा बरी भरतात. रविवारी दारात तो घोळका अजून उभा असतो. प्रवचन करताना आमची नजर कधी तिकडे जाते. आम्ही त्याविषयी काही बोलत नाही. मागच्या बाकावरची मंडळी जरा सरकून बसतात आणि कडेला एकाला टेकता येईल एवढी जागा मोकळी ठेवतात.